आडवा फेकलेला चेंडू उशिरा का पडत नाही?

प्रश्न : एक चेंडू नुसता सोडला आणि त्याच क्षणी, त्याच उंचीवरून दुसरा जोरात आडवा फेकला, तर दोन्ही एकदमच जमिनीवर पडतात म्हणे. लांब जाणाऱ्याला जास्त वेळ नको का लागायला?

उत्तर : अकरावीत मीही इथेच अडून बसलो होतो. माझं समाधान समीकरणांनी नाही, दोन नाण्यांनी केलं. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर तिरकी ठेवा, एक टोक बाहेर. एक नाणं त्या बाहेरच्या टोकावर, दुसरं टेबलावर, कडेशी पट्टीला लागून. आता पट्टीला झटकन टिचकी मारा. पहिलं नाणं जागीच खाली पडतं, दुसरं लांब उडतं. पण त्या वेळी बघू नका, डोळे मिटून ऐका. आवाज एकच येतो! तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अर्धा तास टिचक्याच मारत होतो.

कारण असं, की गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं, आडव्या वेगाशी त्याचा संबंध नाही. टेबल ८० सेंटिमीटर उंच असेल तर खाली यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला २ मीटर वेगाचं नाणं ८० सेंटिमीटर पुढे जातं, ४ मीटर वेगाचं १.६ मीटर. अंतर दुप्पट, वेळ तीच. आडव्या फेकलेल्या वस्तूचा हा वाकत खाली येणारा मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली सिद्ध करून छापलं.

मात्र चेंडू जरा जरी वरच्या दिशेने फेकला, तर तो उशिराच पडणार. आणि पिसावर हा प्रयोग करू नका, तिथे हवा आडवी येते.