वाचक विचारतात : जुना चित्रपट, पहिली भेट

'कुंकू' पहिल्यांदाच लावला. टीव्हीवर सगळी माणसं बसकी दिसतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि मिनिटं मिनिटं संगीतच नाही. पंचवीस मिनिटांत बंद केला. चित्रपट जुनाट झालाय की माझाच धीर सुटला? — एक वाचक, नाशिक

तुम्ही अजून 'कुंकू' पाहिलेलाच नाही. पाहिलात तो तुमच्या टीव्हीने ताणलेला, घासलेला नि उगाच चकचकीत केलेला ऐवज. १९३७च्या या चित्रपटाची चौकट साधारण ४:३ आहे आणि आजचा टीव्ही १६:९. रिकामी जागा दिसली की टीव्ही चित्र आडवं ओढतो आणि प्रत्येक चेहरा तेहतीस टक्क्यांनी रुंद होतो. 'पिक्चर साइझ'मध्ये जाऊन 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले पाहिजेत. ते दोष नव्हेत. काही वेळा प्रतच ताणून चढवलेली असते. मग 'ओरिजिनल'ने काही होत नाही, ४:३ सक्तीने निवडावं लागतं. पट्टेही नाहीत आणि चेहरेही ठीक, असं असेल तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं गेलंय. कपाळं अर्धी दिसतात का बघा. (नेमकी याच चित्रपटात कपाळं कापली जावीत, हा विनोद टीव्ही बनवणाऱ्यांना कळणार नाही.) खात्री करायची तर चित्रातली गोल वस्तू शोधा. 'कुंकू'मध्ये भिंतीवरचं घड्याळ आयतंच आहे. तबकडी गोल दिसली की जमलं.

पुढचं काम 'मोशन स्मूदिंग'चं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण सेकंदाला चोवीस चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःची चित्रं घुसडतो तो हा प्रकार. बंद करा. 'नॉइज रिडक्शन'ही बंद, कारण फिल्मचे दाणे पुसताना तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही पुसतो, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेतल्या केशवराव दात्यांचं निम्मं काम त्या सुरकुत्यांतच आहे. 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर आणा. तो वाढवला की काठांभोवती पांढरी रेघ उमटते आणि प्रतीवरचे ओरखडे ठळक होतात. एवढं करूनही चेहरे पांढरेफटक आणि सावल्या डांबरासारख्या दिसत असतील, तर दोष प्रतीचा आहे. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत काढत गेलं की मधल्या छटा उडतात. दुसरी प्रत मिळते का बघा. ब्राइटनेस वाढवून गेलेल्या छटा परत येत नाहीत.

आवाजाच्या बाबतीत बहुतेक जण उलटंच करतात. शब्द कळत नाहीत म्हणून ट्रेबल वाढवतात आणि फक्त खरखर वाढते. त्या काळच्या ध्वनिपट्टीवर वरच्या पट्टीतलं फारसं काही टिपलंच जात नसे. तिथे सापडते ती घासलेल्या फिल्मची सुरसुर. म्हणून ट्रेबल थोडा खाली, बास थोडा खाली, आणि इक्वलायझर असेल तर एक ते तीन किलोहर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने वर घ्या. बोललेल्या शब्दाची स्पष्टता तिथे असते. 'सराउंड' बंद करा, ध्वनी एकाच वाहिनीचा आहे. 'ऑटो व्हॉल्यूम'ही बंद करा. शांत जागा आली की तो आवाज वर ओढतो आणि शांततेची खरखर करून टाकतो.

'कुंकू'ला हे फार बाधतं. व्ही. शांताराम यांनी यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. ऐकू येतात ते त्या घरातले नि रस्त्यावरचे आवाज. तुम्हाला जे गहाळ वाटलं ते मुद्दाम गाळलेलं आहे. खरखर काढून पुन्हा ऐका, म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या नीरासाठी ती शांतता काय असेल ते कळेल.

एवढं करून चाळीस मिनिटं द्या. संवादफेक नाटकी वाटेल. तेव्हाचे नट आणि प्रेक्षक दोघेही नाटकाच्या थिएटरातूनच आले होते, आणि कान त्याला वीसेक मिनिटांत सरावतो. चाळीस मिनिटांनंतरही नीराचं पुढे काय होतं याची फिकीर वाटली नाही, तर खुशाल बंद करा.

सुरुवात कुठून करावी? सालानुसार पाहत यावं असं ठरवलंय. — एक वाचक, बेळगाव

तसं करू नका. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'पासून निघालेले पुष्कळ जण दुसऱ्या-तिसऱ्या चित्रपटातच उतरून जातात. पहिल्या मराठी बोलपटाचा मान मोठा आहे, पण तेव्हा माइक एका जागी आणि नट त्याच्या आसपास अशी अवस्था होती. उलटे मागे जा. आधी 'सामना' घ्या, सत्तरच्या दशकातला. तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर, आणि मारुती कांबळेचं काय झालं हा एकच प्रश्न शेवटपर्यंत गळ टाकून बसलेला. मग १९५२चा 'लाखाची गोष्ट'. ठरल्या मुदतीत लाख रुपये उडवून दाखवायचे ही त्यातली पैज. तोळाभर सोनं शंभर रुपयांच्या आत मिळत होतं हे डोक्यात ठेवलंत तरच ती हसवेल. आजच्या लाखाच्या हिशेबाने पाहिलंत तर पैजेत दमच उरत नाही. त्यानंतर 'कुंकू', आणि मग १९३६चा 'संत तुकाराम'.

'संत तुकाराम' भक्तिपट म्हणून टाळू नका. वैकुंठाला नेणारं विमान आज खेळण्यातलं वाटतं, ते वाटू द्या. पण विठोबाशी भांडणारी, पोरांच्या पोटाची चिंता करणारी जिजाई बघा. गौरी या अभिनेत्रीच्या कामाला आजही कुठे धूळ बसलेली नाही. 'आधी बीज एकले' ऐकून तुकोबांच्या गाथेत शोधायला जाऊ नका, ते शांताराम आठवले यांचं आहे. भलेभले तिथे फसलेत.

'पिंजरा'ची गाणी आवडली, पण बाईच्या नादाने मास्तर बुडतो ही कथा खटकली. जुन्या चित्रपटाला आजचं माप लावणं अन्यायाचं आहे का? — एक वाचक, ठाणे

नाही. 'तेव्हा तसंच होतं' हा बचाव लंगडा आहे, कारण 'पिंजरा' १९७२चा आणि 'कुंकू' १९३७चा, दिग्दर्शक मात्र एकच. जरठ-कुमारी विवाहाला तोंडावर नाही म्हणणारी नायिका पस्तीस वर्षं आधी पडद्यावर येऊन गेली होती. फक्त माप लावताना एक भेद करा : पात्र काय बोलतं हे वेगळं, चित्रपट कोणाची बाजू घेतो हे वेगळं. एखाद्या प्रसंगात अपमान झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो, आणि हशा कोणावर निघतो, हे बघितलं की बाजू कळते. आमच्या मते 'पिंजरा'त राम कदमांचं संगीत, खेबुडकरांचे शब्द आणि लागूंचा उतरत जाणारा चेहरा टिकलाय. उपदेश टिकलेला नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

जुन्या माहितीत चित्रपट अडीच तासांचा म्हटलाय, मला मिळालेली प्रत दोन तास चोवीस मिनिटांची. कापलीय का? — एक वाचक, पणजी

बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो, आपल्याकडचा जुना व्हिडिओ २५ने चालतो. १५० मिनिटांची १४४ होतात ती अशी. सूरही किंचित चढतो. पेटी घेऊन बसलात तर गाणं दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी सापडेल. प्लेअरमध्ये गती ०.९६ करता आली तर करा.

पक्का ताळा हवा असेल तर सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पळते, त्यामुळे ४११० मीटर म्हणजे १५० मिनिटं. जुन्या प्रमाणपत्रावर फूट असतील तर ९०ने भागा. हिशेबात चार टक्क्यांहून जास्त तूट निघाली, तर आधी गाणी मोजा. पूर्वी चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका अजून रद्दीवाल्यांकडे आणि संग्राहकांकडे मिळतात. त्यातली यादी समोर ठेवली की कोणतं कडवं गेलं तेही सापडतं.