फरशीवर पाणी आलंय, गाडी घालू का?

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यात जि.प. शाळेवर शिक्षिका आहे, लातूरहून रोज स्कुटीवर अप-डाऊन करते. शाळा सुटायला आणि आभाळ यायला एकच गाठ पडते. वाटेत फरशी पूल आहे, मोठा पाऊस झाला की त्यावरून पाणी जातं. सोबतचे सर म्हणतात घोट्याएवढंच आहे, पटकन निघून जाऊ. विजा कडाडायला लागल्या की कुठं थांबावं तेही कळत नाही. काय करू?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : मॅडम, सरांचं अजिबात ऐकू नका, पहिलं तेच सांगते. घोट्याएवढं दिसतंय ते काठावरून, गढूळ पाण्याखाली फरशी जागेवर आहे का कडेनं खचून गेलीय हे कुणालाच दिसत नाही, आणि या पुलांना बहुतेक ठिकाणी कठडे पण नसतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, वीतभर जोरात वाहणाऱ्या पाण्यात धडधाकट माणसाचे पाय सुटतात, दोनेक फुटात चारचाकी वाहून जाते तिथं स्कुटीचं काय घेऊन बसलात. आणि पाऊस आपल्याच डोक्यावर पडायला पाहिजे असं थोडंच आहे, वरच्या अंगाला पडला किंवा धरणाचे दरवाजे उघडले तर इकडं ऊन असताना पाणी चढतं. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं पुरानं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. फरशीवरून पाणी जातंय म्हणजे माघारी फिरायचं, पुढून ट्रॅक्टर गेलं तरी आपण नाही.

पण खरी गोची ही की फरशीजवळ उभं राहून माणसाला हे सुचत नाही, अंधार पडत असतो, घरून फोनवर फोन येत असतात, आणि समोरून दोन-चार गाड्या निघालेल्या दिसल्या की आपलाही धीर वाढतो. म्हणून शाळेतूनच ठरवून निघा. फरशीजवळ ज्यांचं शेत आहे अशा एखाद्या पालकाचा नंबर घ्या, निघायच्या आधी फोन लावा, पाणी असलं तर मुक्काम गावातच. अंगणवाडी ताईंच्या घरी आत्ताच बोलून ठेवा, शाळेच्या कपाटात एक ड्रेस, चार्जर, रोजच्या गोळ्या ठेवून द्या. गावची माणसं शाळेच्या बाईंना नाही म्हणत नाहीत हो.

विजा आपल्याकडं वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त, ते पण दुपारनंतर, म्हणजे नेमकी तुमची वेळ. वीज चमकली की सेकंद मोजा, तीसच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, निघूच नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वाटेत गाठलं तर लिंबाखाली, चिंचेखाली नको, पत्र्याची उघडी टपरी पण नको. पक्कं घर बघा, नाहीतर एसटी किंवा काचा लावलेली जीप. टायर रबरी आहेत म्हणून स्कुटीवर धोका नाही असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी ॲप फुकट आहे, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली की त्यात इशारा येतो, आजच टाकून घ्या.

आणि ऑरेंज, रेड अलर्ट असेल त्या दिवशी स्कुटी घरीच ठेवा, एसटीनं जा, वेळ जातो तर जाऊ द्या. रेनकोट मात्र पिवळा किंवा केशरी घ्या, काळा रेनकोट पावसात संध्याकाळी मागच्या ट्रकवाल्याला दिसतच नाही.