जर्मनीत शिकायला जावं की थेट नोकरी शोधायला? कोणता व्हिसा बरा?
तुमची पदवी झाली आहे, पण तिथल्या नोकरीचं पत्र हातात नाही, असं धरून सांगतो.

वय आणि पैसा साथ देत असेल तर शिक्षणाचाच मार्ग घ्या. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. शिवाय तेवढ्या काळात भाषा तोंडात बसते. मला तर हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरा पर्याय चान्सनकार्टचा, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठीच्या व्हिसाचा, जून २०२४ पासून सुरू झालेला. पदवीला तिथे पूर्ण मान्यता नसेल तर अनुभव, वय, भाषा वगैरेंचे मिळून किमान ६ गुण लागतात. वर्षभर राहून नोकरी शोधायची, आठवड्याला २० तास अर्धवेळ काम चालतं. पण नोकरीची हमी नाही आणि राहण्याच्या खर्चाची सोय आधीच दाखवावी लागते. कर्ज काढून या वाटेला जाऊ नका, कळकळीने सांगतो.

नोकरी आधीच मिळाली आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर थेट ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्य परवाना. त्यावर २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येतं, जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीची येत असेल तर २१ महिन्यांतच.