आमदारांच्या ‘थेट संवाद’ कार्यक्रमात घोषणाबाजी झाली तर आयोजकांनी काय करावं? लगेच पोलीस बोलवावेत का?

पोलिसांचं नंतर बघू. असा कार्यक्रम बहुतेक वेळा माइकमुळे पडतो, आणि हे कुठलाच आयोजक कबूल करत नाही.

प्रेक्षकांत कॉर्डलेस माइक फिरवू नका. एकदा हातातून सुटला की चार जण ओढतात, स्पीकरसमोर गेला की शिट्टी मारतो, ऑपरेटर घाबरून बंद करतो. माइक बंद झाला की ‘आवाज दाबला’ म्हणायला कारण मिळालं. ओरडणारे पाच होते ते पन्नास होतात. त्यापेक्षा मधल्या वाटेत, स्टेजपासून वीसेक फुटांवर, स्टँडला वायरचा माइक लावा आणि वायर टेपनं जमिनीला चिकटवा. बोलणारा चालत येतो, रांगेत थांबतो, तोवर निम्मा राग उतरतो. मिक्सरवर त्याचा चॅनल वेगळा ठेवा. वेळ संपली की निवेदकानं आधी तोंडानं सांगायचं, मग आवाज सावकाश खाली आणायचा.

प्रश्नाला १ मिनिट, उत्तराला ३. दीड तासात २० प्रश्न होतात, वर १० मिनिटं गोंधळाला उरतात. ती लागतातच.

‘चिठ्ठ्या आधी गोळा करा, अडचणीच्या बाजूला काढा’ म्हणणारे शहाणे प्रत्येक पक्षात आहेत. माझं त्यांच्याशी कधी पटलं नाही. ज्या कोल्हापूरनं आंदोलन करून टोल घालवला, त्या कोल्हापूरला तुम्ही ‘साहेब, आपली प्रेरणा काय?’ ऐकवणार? नंबर घातलेल्या चिठ्ठ्या काचेच्या बरणीत टाका आणि सगळ्यांसमोर उचला. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे विरोधक येणार हे कळलं असेल तर पहिला प्रश्न त्यांनाच द्या. हद्दवाढीला, म्हणजे आसपासची गावं शहरात घेण्याच्या वादाला, मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं शहरवाले आणि गाववाले दोघंही तापलेले असतात, म्हणून एक यांचा, एक त्यांचा.

घोषणा सुरू झाल्या तर नेत्यानं बसून राहायचं, माइकवरून वरचढ आवाज काढायचा नाही. तीन-चार मिनिटांत घसे बसतात. मग खाली उतरून निवेदन घ्यायचं, स्टेजवरून हात लांब करून नाही. आणि पुढच्या दोन रांगांत आपले कार्यकर्ते बसवू नका. धक्काबुक्की बहुधा तेच काढतात.

आता पोलीस. बंदोबस्तासाठी आधी पत्र द्या, पण हॉलमध्ये गणवेश दारापाशीच बरा. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानापर्यंतची राजकीय सभा असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७ लागतं: सभा उधळल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सभाध्यक्षानं विनंती केली तर पोलीस संशयिताचं नाव-पत्ता विचारू शकतात. न दिल्यास विनावॉरंट अटक. म्हणून अध्यक्ष कोण हे सुरुवातीलाच माइकवरून जाहीर करा, बरेच जण तेवढंच विसरतात. एरवीच्या दिवसांत हे कलम नाही, आणि नुसता काळा रुमाल दाखवला म्हणून कुणाला उचलायला लावू नका. खुर्च्या फेकायला लागले तर गोष्ट वेगळी.