छाटणीआधी लग्न?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. नवऱ्याची मारहाण आणि संशय अनेक वर्षे सोसल्यावर मुलीला घेऊन मी पंचवटीत आईकडे राहायला आले. क्रूरतेच्या कारणावरून कुटुंब न्यायालयाने जुलैअखेर घटस्फोट मंजूर केला आणि मुलीचा ताबा माझ्याकडे दिला. तिच्यासाठी पोटगीही मिळते. महाविद्यालयात असताना ज्याच्यावर माझे प्रेम होते, पण जात वेगळी म्हणून ज्याच्याशी लग्न होऊ शकले नाही, तो दोन वर्षांपूर्वी पुन्हा भेटला. तो विधुर आहे. दिंडोरीजवळ त्याची द्राक्षबाग आहे. त्याने आजवर कधी आवाज चढवलेला नाही, तरीही तो जरा गप्प झाला की माझ्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की उसंत मिळणार नाही, म्हणून त्याआधी लग्न उरकावे आणि मी नोकरी सोडावी, असे तो म्हणतो. आई म्हणते, ‘एकदा पोळलीस, आता मुलीकडे बघ.’ मी काय करावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पोटात येणारा गोळा हा त्या माणसाविरुद्धचा पुरावा नाही आणि तुमच्यातला दोषही नाही. ज्या घरात अबोल्यामागून हात उठत असे, त्या घरात वर्षे काढल्यावर कोणाचीही शांतता धोक्याची वाटू लागते, आणि माणूस बदलला म्हणून ही सवय लगेच सुटत नाही. हे तुम्ही त्यांना सांगितले आहे का? नसेल तर सांगा, आणि ऐकल्यावर ते काय करतात ते पाहा. ‘मी तसा आहे का?’ असे म्हणून रुसणारा माणूस आणि ‘मी गप्प असेन तेव्हा कशामुळे ते सांगत जाईन’ असे म्हणणारा माणूस, यांत मला फार मोठा फरक दिसतो.

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला घाईचा वाटतो. ते सौम्य आहेत, ही चांगली गोष्ट आहे; पण छळ करणारी माणसेही लग्नाआधी आर्जवी असू शकतात, त्यामुळे केवळ सौम्यपणावरून निर्णय करता येत नाही. माणूस कळतो तो त्याच्या मनाविरुद्धचे उत्तर त्याला मिळाल्यावर. तसे उत्तर देण्याचे कारण तुमच्याकडे आत्ताच आहे, आणि ते कायद्याचे आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १५ नुसार, घटस्फोटाच्या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झालेच तर ते फेटाळले गेल्यावरच पुनर्विवाह करता येतो. कुटुंब न्यायालयाच्या अशा निकालासाठी ही मुदत ९० दिवसांची आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. निकाल जुलैअखेरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत तुमचे हात बांधलेलेच आहेत. शिवाय निकालाची प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला काळ मुदतीत धरला जात नसल्याने ती आणखी पुढे जाऊ शकते. तुमचा घटस्फोट संमतीचा नसल्याने समोरची बाजू अपिलात जाण्याची शक्यता उरतेच. तेव्हा उच्च न्यायालयात अपील दाखल झाले आहे का, याची खात्री वकिलांमार्फत करून घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका. छाटणीपासून द्राक्षे उतरेपर्यंतचा सारा हंगाम बागायतदाराला जिवावरचा असतो, हे नाशिककरांना सांगायला नको. म्हणून त्यांची अडचण मला खोटी वाटत नाही. पण लग्न द्राक्षे उतरल्यानंतरही होऊ शकते. ‘काढणी झाल्यावर बोलू’ असे त्यांना स्पष्ट सांगा. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांचे फोन, भेटी आणि वागणे पूर्वीसारखेच राहते का, हे तुम्हाला कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक सांगून जाईल.

नोकरीबाबत माझे मत ठाम आहे : सोडू नका. दिंडोरीहून अंबडला रोज येणे-जाणे कष्टाचे आहे, हे मान्य. पण मग पंचवटीत राहून सुरुवात का करू नये, किंवा दिंडोरी भागात दुसरे काम मिळेपर्यंत का थांबू नये? तो पगार हाती होता म्हणून मुलीला घेऊन वेगळे राहणे तुम्हाला निभावता आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने पैशाच्या कोंडीलाही छळात गणले आहे. त्यांच्या मनात तसे काही असेलच असे मी म्हणत नाही. मात्र तुमचे बँक खाते, तुमचे स्त्रीधन आणि तुमची मिळकत तुमच्याच हाती राहील, हे लग्नाआधी बोलून ठरवा.

आईंचे भय समजण्यासारखे आहे, पण मुलीकडे बघणे म्हणजे एकटे राहणे, असे मी मानत नाही. आईने पुनर्विवाह केला म्हणून मुलांचा ताबा आपोआप जात नाही; न्यायालय मुलाचे हित पाहते. तुमच्या स्वतःच्या पोटगीचा आदेश पुनर्विवाहानंतर बदलू शकतो, मुलीच्या पोटगीचा हक्क मात्र त्यामुळे संपत नाही. वडिलांच्या भेटीचे दिवस न्यायालयाने ठरवून दिले असतील, तर दिंडोरीला राहायला जाण्यापूर्वी त्याविषयीही वकिलांना विचारा. मुलीला त्यांना लगेच ‘बाबा’ म्हणायला लावू नका. तिने त्यांच्याशी बोलायचे टाळले, तर ते किती दिवस धीराने तिची वाट पाहतात, याकडे आईंनाही लक्ष ठेवायला सांगा. कदाचित त्यांच्या शंकेचे उत्तर त्यांना तिथेच मिळेल.