अठरा फुटांचे कोर्ट

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लागोपाठ तीन टेनिस स्पर्धांत एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरलास, म्हणून रॅकेट ठेवून वडिलांच्या दुकानात बसावे असे तुला वाटते; आणि त्याच पत्रात टेनिसपटू रोहन बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जगात पहिला आला, तेव्हा आपल्यालाही घाई नाही, असे लिहितोस. त्याच्या कारकिर्दीचे शेवटचे पान तेवढे तू वाचलेले दिसते.

बोपण्णा आपल्याच राज्यातला, कोडगूचा. सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडे फोडली आणि दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून धावलो, असे त्याने निवृत्त होताना लिहिले. आपल्या तालमींतल्या वस्तादांना यात नवल वाटणार नाही. 2003 पासून तो व्यावसायिक खेळला, तरी एकेरीत त्याची मजल 213 व्या क्रमांकापर्यंतच गेली. तिथे तो हट्ट धरून बसला नाही, दुहेरीकडे वळला, हे मला त्याच्या विजेतेपदांहून मोठे वाटते.

एकेरीचे कोर्ट 27 फूट रुंद आणि दुहेरीचे 36. म्हणजे दुहेरीत एकाच्या वाट्याला 18 फूट येतात. शिवाय एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेच्या, दुहेरीत 2006 पासून ड्यूसला (40-40 झाल्यावर) एकाच गुणावर गेम संपतो, त्यामुळे जड सर्व्हिस, पहिला रिटर्न आणि जाळ्याजवळची व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) यांनाच सारी किंमत येते. तुझे पाय मंद आहेत, हे मी तुला अनेकदा सांगितले आहे, पण सर्व्हिस तुझ्याजवळ आहे. दुहेरी म्हणजे हरलेल्यांची वाट, असे समजू नकोस.

मात्र वाट सोपीही नाही. 2010 मध्ये पाकिस्तानच्या कुरेशीबरोबर बोपण्णा अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ब्रायन बंधूंकडून हरला, आणि पुरुष दुहेरीतले पहिले ग्रँड स्लॅम मिळाले ते थेट 2024 च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियाच्या एब्डनबरोबर मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये. (मिश्र दुहेरीचे फ्रेंच ओपन 2017 मध्ये मिळाले होते.) मधल्या काळात गुडघ्यांची कूर्चा झिजली, वेदनाशामक गोळ्या रोजच्या झाल्या, आणि 2021 मध्ये सामन्यामागून सामने हरताना खेळ सोडण्याचा विचार मनात आला, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याला आधार मिळाला तो अय्यंगार योगाचा. कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्मलेल्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात रुजवलेली ही पद्धत पट्टे, दोर आणि लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने सांध्यांवर भार न टाकता शरीर सरळ करते. मी मात्र खांद्याचे दुखणे गोळ्यांनी दाबून दोन मोसम खेळलो, आणि आज तो हात डोक्यावर नीट जात नाही. म्हणून पावसाळ्यात आपली मातीची कोर्टे चिखलाने बंद असतील, तेव्हा योगवर्गाला जा.

जोडीदारही आतापासून शोध. तुझ्यापेक्षा चपळ आणि शक्यतो डावखुरा असलेला बरा. दुकानाचा निर्णय दिवाळीनंतर घे, वडिलांशी मी बोलतो. रविवारी सहाला कोर्टवर ये, त्या दिवशी फक्त दुसरी सर्व्हिस टाकायची आहे. जुने चेंडू मी आणतो.

कळावे.