चिवड्यासाठी मोनोमटेरियल पाऊच घ्यावं का?

प्रश्न: आमचा चिवड्याचा छोटा धंदा आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इंटरपॅक हे पॅकेजिंगचं प्रदर्शन भरतं, त्यात मोनोमटेरियल पाऊचची खूप चर्चा होती म्हणे. आम्ही घ्यावं का?

उत्तर: घ्या, पण घाई नको. नेहमीच्या पाऊचमध्ये पीईटी, ॲल्युमिनियम, पॉलिथिन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं फार अवघड, म्हणून रिसायकलिंग जवळजवळ होतच नाही. मोनोमटेरियलमध्ये जवळजवळ सगळं एकाच प्लास्टिकचं, बहुतेक वेळा पॉलिथिनचं. मात्र साधं पॉलिथिन दमटपणा अडवतं, ऑक्सिजन नाही, आणि तेल खवट होतं ते मुख्यतः ऑक्सिजनमुळे, तेव्हा आत ईव्हीओएचचा (ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा) पातळ थर आहे का हे सप्लायरला विचाराच. सीलिंगचं तापमानही सांभाळावं लागतं, जास्त झालं की बाहेरचा थरसुद्धा वितळतो. आधी ट्रायलपुरता रोल मागवा, पाकिटं भरून पूर्ण शेल्फ लाइफभर ठेवा, चव बघा, मगच मोठी ऑर्डर.